नाना चौकातले नाना नेमके कोण?

गिरगावात जे. एस. रोड आहे. ग्रँट रोड स्टेशनबाहेर नाना चौक आहे. मेट्रो ३ ने मुंबई सेंट्रलला उतरलात तर स्थानकाच्या पाटीवर जगन्नाथ शंकर शेठ असं नाव दिसतं. जुन्या मॅट्रिकच्या काळातल्या कुणा संस्कृतप्रेमी आजोबांशी बोललात, तर ते शंकरशेठ स्कॉलरशिपची आठवण काढतील. रस्ता, चौक, स्थानक आणि स्कॉलरशिप, चारही ठिकाणी नाव एकाच माणसाचं आहे. आणि हा माणूस मूळचा दक्षिण मुंबईतला नाही. तो आपल्या ठाणे जिल्ह्यातला, मुरबाडचा.

कोपर, डोंबिवली, कल्याणच्या पोरांनी तर हे नाव पाठच करायला हवं. तुम्ही ज्या रुळांवरून कॉलेजला जाता ते रूळ, तुमच्या मार्कशीटवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे ते विद्यापीठ, आणि मराठी माध्यम की इंग्रजी माध्यम हा तुमच्या घरी तुम्ही तीन वर्षांचे असताना झालेला वाद, या तिन्ही गोष्टींत नाना शंकरशेठ आहेत. चला तर मग, ओळख करून घेऊ.

शाळाच नव्हती, तेव्हाची गोष्ट

जगन्नाथ शंकरशेठ मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव पेशवा होता. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये, म्हणजे नाना पंधरा वर्षांचे असताना. घराणं दैवज्ञ ब्राह्मणांचं, मूळ मुरबाडचं. नानांच्या आधीच्या पिढ्या मुंबईत येऊन व्यापारात स्थिरावल्या होत्या. वडील शंकरशेठ यांनी सराफीत आणि व्यापारात मोठी संपत्ती मिळवली.

पैसा भरपूर, पण नानांना घालायला शाळा कुठे होती? आज आपण शाळा म्हणतो तसं काही तेव्हा नव्हतंच. पंतोजी ओटीवर किंवा देवळात मुलं गोळा करायचे. धुळाक्षरं, मोडी, पावकी-निमकी, हिशेब, झालं शिक्षण. छापील पुस्तक नाही, इयत्ता नाही, परीक्षा नाही. नानांचं शिक्षण घरीच झालं. शिक्षक ठेवून ते इंग्रजी शिकले, संस्कृत शिकले. म्हणजे बघा, पुढे ज्या माणसाने शहराला शाळा लावली, त्याला स्वतःला शाळेचा बाक माहीत नव्हता.

१८२२ मध्ये वडील गेले. नाना तेव्हा १९ वर्षांचे. तुमच्या एफवाय-एसवायचं वय. एवढ्या वयात पेढी, मिळकती, देणीघेणी सगळं अंगावर आलं. पेढी त्यांनी नीट सांभाळली. त्यांची पत अशी होती, की अरब, अफगाण व्यापारी आपला पैसा आणि मौल्यवान माल बँकेत ठेवण्याऐवजी नानांकडे ठेवायचे. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे जे केलं, त्यामागे ही पत होती. नुसता पैसा असलेले शेठ मुंबईत तेव्हाही पुष्कळ होते. ज्याच्या शब्दावर परका माणूस आपली थैली ठेवून जातो, असे थोडेच.

पुस्तकापासून सुरुवात

त्याच १८२२ साली मुंबईत एक संस्था निघाली. शाळा काढायच्या आणि शाळांसाठी पुस्तकं तयार करायची, हे तिचं काम. गव्हर्नर होते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे या संस्थेला बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव मिळालं. नाना तरुणपणीच तिच्या कामात शिरले आणि मग शिक्षण हा विषय त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. शाळा काढायची म्हणजे इमारत बांधायची, असं आपल्याला वाटतं. या मंडळींपुढचा प्रश्न निराळा होता. भूगोल शिकवायचा तर मराठीत भूगोलाचं पुस्तक नाही. बीजगणित शिकवायचं तर मराठीत त्याला शब्द नाहीत. व्याकरणाचं पुस्तक नाही, कोश नाही. मग सोसायटीने माणसं गाठली. सदाशिव काशिनाथ छत्रे, म्हणजे बापू छत्रे, सोसायटीत होते. त्यांचं बाळमित्र हे पुस्तक १८२८ मध्ये आलं आणि मराठी मुलांना गोष्टींचं छापील पुस्तक मिळालं. जॉर्ज जर्व्हिस नावाचा लष्करी इंजिनीअर होता. त्याने गणिताची पुस्तकं मराठीत आणली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये छापला गेला. बाळशास्त्री जांभेकरही पुढे याच संस्थेच्या कामात आले. आधी पुस्तक, मग शिकवणारा मास्तर, मग शाळा, असा क्रम होता. जर्व्हिसचं नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने तो परत येणार आहे.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन निवृत्त होऊन निघाले. मोठा साहेब निघाला की निरोप समारंभ, मानपत्र, पुतळा हे ठरलेलं. मुंबईकरांनी वर्गणी काढली ती मात्र प्राध्यापक नेमण्यासाठी. दोन लाख रुपयांहून जास्त रक्कम उभी राहिली. त्या काळातले दोन लाख! या खटपटीत नाना पुढे होते. त्या पैशातून जे उभं राहिलं, ते वाढत वाढत एल्फिन्स्टन कॉलेज झालं. दादाभाई नौरोजी तिथे शिकले आणि शिकवायलाही लागले. डॉ. भाऊ दाजी लाड तिथले. पुढे महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर तिथलेच. पुतळ्याऐवजी प्राध्यापक नेमायचं ठरलं, त्यातून महाराष्ट्राला काय मिळालं ते या नावांवरून कळतं.

सात जणांची कमिटी आणि एक मोठा वाद

१८४० मध्ये सरकारने शिक्षणाचं काम एका बोर्डाकडे दिलं. बोर्ड ऑफ एज्युकेशन. बोर्डावर तीन हिंदी सभासद होते. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. नाना या बोर्डावर पुढची सोळा वर्षं, बोर्ड असेपर्यंत राहिले.

१८४३ मध्ये सर अर्स्किन पेरी बोर्डाचे अध्यक्ष झाले. ते सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, हुशार आणि शिक्षणाबद्दल कळकळ असलेले. पण त्यांचं मत पक्कं होतं. चांगलं शिक्षण द्यायचं तर ते इंग्रजीतूनच द्यावं. देशी भाषांत पुस्तकं नाहीत, शब्द नाहीत, त्यांच्यावर पैसा घालवण्यात अर्थ नाही. कलकत्त्यात १८३५ मध्ये मेकॉलेच्या मताप्रमाणे इंग्रजीच्या बाजूने निर्णय झालाच होता. मुंबईने तीच वाट धरावी, असा पेरींचा आग्रह.

१८४७ मध्ये हा वाद पेटला. एका बाजूला पेरी आणि त्यांच्या मताचे युरोपियन सभासद. दुसऱ्या बाजूला कर्नल झालेला आपला जर्व्हिस, आणि तिघे हिंदी सभासद. नानांनी आपलं मत लेखी दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मूठभर लोकांना कारकून करायचं असेल तर इंग्रजी पुरेल. ज्ञान सगळ्या समाजात पोचवायचं असेल तर ते लोकांच्या भाषेतूनच पोचेल. परकी भाषा शिकण्यात मुलाची उमेदीची वर्षं जातात, आणि बहुतेकांना तेवढा वेळ शाळेत राहता येतच नाही. देशी भाषेत पुस्तकं नसतील तर ती करून घ्यावीत.

इथे गैरसमज नको. नाना इंग्रजीच्या विरोधात नव्हते. ते स्वतः उत्तम इंग्रजी जाणत होते, एल्फिन्स्टनसारखी संस्था उभी करण्यात त्यांचा हात होता. इंग्रजी शिकावी, पुढे जाणाऱ्याने इंग्रजीतून शिकावं, हे त्यांना मान्यच होतं. प्रश्न पहिल्या पायरीचा होता. जिना चढायचाय, पण पहिली पायरीच छातीएवढी उंच ठेवली तर वर जाणार कोण? ज्यांच्या घरी शिडी आहे तेच.

आणि गंमत बघा. ज्या इंग्लंडमधून हे साहेब आले होते, तिथेही हा वाद पूर्वी होऊन गेला होता. चौदाव्या शतकात विंचेस्टरचा बिशप होता विल्यम ऑफ विकहॅम. साध्या घरातला मुलगा, राजाच्या बांधकामांवर देखरेख करता करता वर चढला आणि राज्याचा चान्सलर झाला. नानांसारखाच सत्तेच्या जवळ वावरणारा, पैसा राखून असलेला माणूस. १३४८ च्या प्लेगच्या साथीत इंग्लंडमधले शिकलेले पाद्री मोठ्या संख्येने मेले होते. विकहॅमने १३७९ मध्ये ऑक्सफर्डला न्यू कॉलेज काढलं आणि तीनच वर्षांनी विंचेस्टरला शाळा. शाळेत ७० मुलं, कॉलेजात ७० जागा. शाळेतून तयार झालेला मुलगा कॉलेजात जाईल अशी सोय. कॉलेज उभं करून भागत नाही, त्याच्या खालची पायरीही आपणच बांधावी लागते, हे त्याने ओळखलं.

त्याच काळात इंग्लंडमधल्या शाळांत आणखी एक बदल होत होता. शिकायचं असायचं लॅटिन. पण लॅटिनचा अर्थ मुलांना सांगितला जायचा फ्रेंचमध्ये, कारण फ्रेंच ही राज्यकर्त्यांची आणि प्रतिष्ठेची भाषा. इंग्रजी म्हणजे शेतकऱ्यांची बोली. प्लेगनंतर काही मास्तरांनी हे मोडलं आणि मुलांना इंग्रजीतून समजावायला सुरुवात केली. जॉन ट्रेव्हिसा या अनुवादकाने १३८५ च्या सुमारास लिहून ठेवलंय, की आता देशभरच्या शाळांत मुलं फ्रेंच सोडून इंग्रजीतून शिकतात, त्यामुळे व्याकरण लवकर येतं, मात्र फ्रेंच येईनाशी झाली. वाचताना मराठी शाळांबद्दलची चर्चा वाचतोय असंच वाटतं ना? साडेचारशे वर्षांनी त्याच देशातून आलेले साहेब मराठी मुलांना इंग्रजीतूनच शिका म्हणत होते.

१८४७ च्या वादात सरकारने कोणा एका बाजूला पूर्ण जिंकवलं नाही. मधला मार्ग निघाला. १८५४ मध्ये विलायतेहून आलेल्या वुडच्या खलित्यात हीच विभागणी ठरली. वरचं शिक्षण इंग्रजीतून, बहुजनांचं शिक्षण देशी भाषांतून. आपल्याकडे मराठी शाळा सरकारी धोरणाचा भाग म्हणून टिकल्या आणि पसरल्या, त्यात बोर्डावर ठाम उभं राहिलेल्या या चौघांचा वाटा आहे. तुमच्या आजोबांच्या गावातली मराठी शाळा हे त्या वादाचं फळ आहे.

शिकवायला कॉलेजची पोरं

पुढची गोष्ट खास तुमच्यासाठी. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आपलं मंडळ काढलं, स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी. निबंध वाचायचे, वाद घालायचे. आजच्या भाषेत कॉलेजचा क्लबच. पण ही मुलं निबंध वाचून थांबली नाहीत. मुली शिकत नाहीत यावर बोलतोय, तर शाळा का काढू नये? १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. पैसे नव्हते, म्हणून मुलंच फुकट शिकवायची. दादाभाई नौरोजी त्यांच्यात होते, वय २४. दारोदार जाऊन लोकांना विनवायचे, तुमची मुलगी पाठवा. काही घरांतून होकार, बऱ्याच घरांतून हाकलून देणं.

मुलींना शिकवणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं, असं मानणारा तो काळ. अशा वेळी या पोरांना जागा कोण देणार? नानांनी दिली. गिरगावातल्या आपल्या जागेत त्यांनी मुलींची शाळा भरू दिली. नाना तेव्हा ४६ वर्षांचे, आपल्या समाजातले मानाचे शेठ, धार्मिक वृत्तीचे, देवळांना देणग्या देणारे. त्यांच्या आवारात मुली पाटी घेऊन येताना दिसल्या, की बाकीच्यांना नाव ठेवणं अवघड झालं. चळवळीत कल्पना तरुणांची असते. पण ती रस्त्यावर टिकायला कुणातरी वजनदार माणसाने आपली पत तिच्यामागे लावावी लागते. नानांची पत इथे खर्ची पडली.

सतीबंदीच्या वेळीही ते बंदीच्या बाजूने होते. रंगभूमीसाठी त्यांनी ग्रँट रोडला नाट्यगृह उभं केलं. सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी १८५३ मध्ये तिथे मराठी खेळ केले. तुमच्या एकांकिका स्पर्धांचे पूर्वज तिथले.

कोपरवरून गेलेली गाडी

आता रुळांकडे येऊ. १८४० च्या दशकात मुंबईत रेल्वेची चर्चा सुरू झाली. लोखंडी रस्त्यावरून वाफेची गाडी धावणार, यावर विश्वास ठेवणारे कमी आणि पैसा घालणारे त्याहून कमी. १८४५ मध्ये रेल्वेसाठी जी मंडळी एकत्र आली त्यांत नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय होते. या हालचालीतूनच ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, उभी राहिली.

१६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, ३४ किलोमीटरचा प्रवास. हे सगळं तुम्ही शाळेत पाठ केलंय. पण पुढचं फार कोणी सांगत नाही. गाडी ठाण्याला थांबून राहिली नाही. खाडीवर पूल बांधला, मुंब्र्याजवळच्या डोंगरात बोगदे खणले आणि १ मे १८५४ ला रेल्वे कल्याणला पोचली. म्हणजे आज कोपर आहे त्या भागातून पहिली आगगाडी गेली ती १८५४ मध्ये. तेव्हा इथे स्टेशन नव्हतं. एका बाजूला खाडी, बाकी भातशेती आणि आगरी-कोळ्यांची गावं. अप्पर कोपर आणि लोअर कोपर, वसई लाइन आणि स्लो लोकल, ही भानगड फार फार नंतरची. मुंब्रा, कळवा करत जाणारी तुमची स्लो मात्र आजही ढोबळमानाने त्याच जुन्या वाटेने जाते.

आणि यातली एक खोच ऐका. ज्यांनी रेल्वेसाठी खटपट केली त्या नानांच्या मुरबाडला आजही रेल्वे नाही. कल्याणहून सुमारे ३० किलोमीटर, एसटी किंवा खासगी गाडी. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी आणि घोषणा वर्षानुवर्षं ऐकू येतात. तुमच्या वर्गात मुरबाडकडून येणारी मुलं असतील तर ती रोज किती वाजता घर सोडतात, विचारून बघा.

राजकारण आणि संशय

२६ ऑगस्ट १८५२ ला मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. काँग्रेसच्या ३३ वर्षं आधी. हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू असे शहरातले सगळे मातब्बर एकत्र आले. जमशेटजी मानद अध्यक्ष आणि प्रत्यक्ष कारभाराच्या अध्यक्षस्थानी नाना. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेची मुदत संपत होती. असोसिएशनने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. कारभारात आमच्या लोकांना जागा द्या, कर आणि खर्च याचा विचार करा. भाषा नम्र होती, पण मागणी हक्काची होती.

नाना हे सरकारच्या जवळचे, असं लोक म्हणत. ते खरंही होतं. पण सरकारचा विश्वास किती पातळ असतो, हे १८५७ मध्ये दिसलं. उत्तरेत उठाव झाला. मुंबईत पोलीसप्रमुख चार्ल्स फोर्जेट वेष बदलून बातम्या काढत फिरत होता. दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आलं. त्या दिवसांत नानांवरही संशय घेतला गेला. बंडवाल्यांशी यांचा संबंध आहे, अशा कंड्या उठल्या. चौकशी झाली, त्यातून काही निघालं नाही. ३५ वर्षं शहरासाठी राबलेल्या माणसाच्या वाट्याला हे आलं.

त्याच १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. कायद्यात विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंची नावं आहेत, त्यांत नाना आहेत. १८६१ च्या कायद्याने मुंबईला कायदेमंडळ मिळालं आणि १८६२ मध्ये त्यावर नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत नाना होते. सोनापूरचं स्मशान गिरगावजवळून दूर शिवडीला हलवायचा घाट सरकारने घातला, तेव्हा हेच नाना सरकारच्या विरोधात लोकांच्या बाजूने उभे राहिले आणि तो बेत रद्द झाला. गरीब माणसाने प्रेत खांद्यावरून किती लांब न्यायचं, हा प्रश्न कौन्सिलमध्ये बसून कळत नाही. गिरगावात राहून कळतो.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलात, तर आत एक सुंदर म्युझियम आहे. आज त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. ते उभारण्याच्या कामातही भाऊ दाजींबरोबर नाना होते.

जे राहून गेलं

आता दुसरी बाजू. थोर माणसांवर लिहिताना ही बाजू गाळली जाते, म्हणून मुद्दाम सांगायला हवी. नाना ज्या बोर्डावर होते, त्या बोर्डाचं धोरण बराच काळ असं होतं, की पैसा थोडा आहे, तर आधी वरच्या वर्गाला शिकवू, तिथून ज्ञान खाली झिरपेल. झिरपणारं पाणी किती खाली पोचतं, हे आपण जाणतोच. मराठी शाळा निघाल्या, पण त्यांत बसणारी मुलं बहुतेक ब्राह्मण, प्रभू, शेणवी, सोनार, वाणी अशा जातींतली. महार, मांग मुलांना दार बंदच. १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि त्याला तो मिळाला नाही. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं.

नाना मुलींच्या शाळेला जागा देत होते, त्याच्या एक वर्ष आधी, १८४८ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती. पुढे त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. त्यांच्याजवळ पेढी नव्हती, बोर्डाची खुर्ची नव्हती. अंगावर शेण आणि दगड झेलून ते शिकवत होते. लोकांच्या भाषेत शिक्षण, हे नानांनी कमिटीत मांडलं. पण लोक म्हणजे सगळे लोक, हे फुल्यांनी करून दाखवलं. दोघांची तुलना करून एकाला पास, एकाला नापास करायचं नाही. नानांनी सरकारी जिन्याची पहिली पायरी खाली आणली. अंगणातच येऊ न दिलेल्यांना जिन्यापर्यंत नेण्याचं काम फुल्यांनी केलं. दोन्ही कामं लागली, तेव्हा तुमच्या वर्गात आज बसलेली सगळी आडनावं एका बाकावर आली.

नंतर

३१ जुलै १८६५ ला नाना गेले. वय ६२. त्यानंतर त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतमध्ये सर्वांत पुढे येणाऱ्यांसाठी विद्यापीठात स्कॉलरशिप सुरू झाली. कोकणातला एक मुलगा, चिंतामण देशमुख, १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिला आला आणि ही स्कॉलरशिप त्याने मिळवली. तेच सी. डी. देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये नानांचा संगमरवरी पुतळा आहे. फोर्टात कधी गेलात तर पायऱ्या चढून आत जा. बहुतेक जण त्या पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरतात.

१८४७ चा वाद मात्र अजून चालूच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय, की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं. इंजिनीअरिंग मराठीतून शिकवण्याचे प्रयोग सुरू झालेत. दुसरीकडे आपल्या भागातल्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे होतायत, आणि इंग्रजी शाळेच्या फीसाठी आईबाबा ओव्हरटाइम करतायत. तुमच्यातले कितीतरी जण दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला एकदम इंग्रजीत पडले असतील. पहिल्या सहामाहीत काहीच कळेना, प्रश्न विचारायला हात वर जाईना, हा अनुभव तुमचा किंवा तुमच्या शेजारी बसणाऱ्याचा आहेच.

त्यात तुमचं डोकं कमी पडत नव्हतं. एका भाषेतल्या पायरीवरून दुसऱ्या भाषेतल्या पायरीवर जाताना मधला आधार कुणी दिला नव्हता. नाना, बापू छत्रे, जर्व्हिस या मंडळींनी हा आधार पुस्तकं लिहून दिला. तुमच्या हातात आज मोबाइल आहे, यूट्यूब आहे, आणि दोन्ही भाषा येणारं डोकं आहे. अकाउंट्स, ऑरगॅनिक केमिस्ट्री, पायथॉन, तुम्हाला जे नीट कळलंय ते तुमच्या एफवायच्या ज्युनिअरला स्वच्छ मराठीत समजावून सांगायला शनिवारचा एक तास पुरतो. एल्फिन्स्टनच्या पोरांनी याहून जास्त काही केलं नव्हतं. जागा लागलीच, तर एखादा नाना शोधा. सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप, क्लासचा दुपारचा रिकामा वर्ग. द्यायला तयार असलेला माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी असतो. त्याला विचारणारं कोणीतरी लागतं.